पडिकातल्या खोकडांची नोंद

पाटन, जि. जबलपूर
१८ फेब्रुवारी २०२४

चि. कादंबरी,

सप्रेम जय भीम.

आपल्या समृद्धीच्या लग्नात तू म्हणाली होती, काका, रिटायर झाले म्हणून रिकामे बसू नका, माझ्या पीएचडीसाठी खोकड शोधा. सगळ्यांना वाटलं पोरगी मजाक करून राहिली. मलाही तसंच वाटलं. पण मी शोधलं.

तुझी सत्यवती काकू गेल्यापासून मी रांझीचं क्वार्टर सोडून इकडे एकताकडे राहतो. तिची सरकारी शाळेत नोकरी आहे, सकाळी सातला निघते. मग मी सायकल घेऊन मटारच्या शेतांमधून चक्कर मारतो. गावापासून चार किलोमीटरवर भैयालाल लोधीचं सात एकर पडीक आहे. मुरमाड जमीन, बोरीची झुडपं, बाकी गवत. तिथं परवा एक जनावर बिळाच्या तोंडाशी बसलं होतं. मांजरापेक्षा थोडं मोठं, पाय काटकीसारखे, कान मोठे, अन् शेपटीचं टोक काळं. तू सांगितलेली खूण तीच ना? मला पाहून ते पळालं नाही, नुसतं पाहत राहिलं.

भैयालालला विचारलं तर म्हणाला, "दद्दा, जे तो लुखरिया आय. हमाए बाप के जमाने से इतई रहत." त्याला त्यात काही विशेष वाटत नाही. बिळाला सहा तोंडं आहेत, मी मोजली. नकाशा काढून सोबत जोडला आहे, अंतर पावलांनी मोजलं आहे. फॅक्टरीत छत्तीस वर्षं तपासणी विभागात काढली, मोजल्याशिवाय मला काही दिसत नाही.

मोबाईलवर मराठी टाईप करायला मला अर्धा दिवस लागते. काय पाहायचं ते कागदावर लिहून पाठव.

तुझा,
शांताराम काका

*

मोरगाव, ता. बारामती
२९ फेब्रुवारी २०२४

आदरणीय शांताराम काका,

सप्रेम जय भीम.

नकाशा पाहून मी इथे सगळ्यांना दाखवत फिरले. ते खोकडच आहे. लोक त्याला कोल्हा समजतात, पण कोल्हा त्याच्या तिप्पट असतो. हे जेमतेम अडीच-तीन किलोचं. ते दाट जंगलात राहत नाही, त्याला उघडं माळरानच लागतं. त्यामुळे सरकारी कागदावर जिथे 'पडीक' लिहिलेलं असतं तिथेच त्याचं घर असतं, आणि तीच जमीन सगळ्यांत आधी नांगरली जाते.

नर-मादी जोडीने राहतात. थंडीत जोडी जमते, पन्नास-बावन्न दिवसांनी, म्हणजे साधारण आत्ताच, पिल्लं होतात. दोन ते चार. पहिला महिना ती बाहेर येत नाहीत. त्या काळात मादी बिळाजवळ राहते आणि नर खाणं आणतो. उंदीर, किडे, सरडे, वाळवी, बोरं, जे मिळेल ते. पावसाळा लागला की पिल्लं पांगायला लागतात. कधी पांगतात, किती उरतात, हे नीट कोणी लिहिलेलं नाही. तेच मला हवं आहे.

तुम्ही एवढं करा. रोज एकाच जागी बसा, बिळापासून शंभर पावलांच्या आत नको. वेळ, कोण दिसलं, तोंडात काय होतं, एवढं लिहा. बिळापासून लांब पायवाटेवर त्यांची विष्ठा सापडेल, तुमच्या करंगळीएवढी असते. ती सुकवून कागदी पाकिटात घाला, वर क्रमांक आणि तारीख घाला, आणि पोस्टाने पाठवा. ती धुऊन मी आतलं सगळं मोजते.

आणि काका, काहीही झालं तरी त्यांना खायला घालू नका. अन्न ठेवलं की कुत्री येतात. खोकडाचा खरा शत्रू वाघ-बिबट्या नाही, गावातली कुत्रीच आहेत.

दुर्बीण पार्सलने पाठवते आहे.

तुमची,
कादंबरी

*

पाटन
२४ मार्च २०२४

चि. कादंबरी,

जय भीम.

चार आहेत! आता मी उजाडायच्या आतच जाऊन बसतो; १७ मार्चला सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पहिलं बाहेर आलं, मग दुसरं, मग दोन एकाच वेळी. रंग मातीचा, डोके मोठे, चालता येत नाही धड. मादीनं एकाला मानेला धरून परत आत नेलं तर बाकीचे तीन तिकडून बाहेर. दुर्बीण एकदम फर्स्ट क्लास.

नर उंदीर आणतो. बिळाशी आला की आधी हळू कुईं करतो, मग मादी उठते. ती उंदीर घेते अन् तो दहा पावलांवर जाऊन बसतो. रोज असंच करते. खातो काय, कधी खातो, मला समजत नाही. १९ तारखेला तो आलाच नाही. त्या दिवशी शाळेतून आल्यावर एकता म्हणाली, "पापा, आज आपने खाना क्यों नहीं खाया?" मी म्हटलं भूक नाही.

तू हसशील. पण माणूस रोज एका जागी बसून चार पिल्लं पाहते तर त्याचं मन लागतेच.

पाकीट क्र. १ ते ७ सोबत आहेत. पोस्टातला बाबू विचारत होता यात काय आहे. मी म्हटलं, नमुना.

तुझा,
शांताराम काका

*

मोरगाव
१२ एप्रिल २०२४

आदरणीय काका,

जय भीम.

तुमची सात पाकिटं आमच्या प्रयोगशाळेत आता प्रसिद्ध आहेत. सगळ्यांत उंदराचे केस, पाचांत भुंग्यांचे पंख, चारांत बोराच्या बिया, एकात पालीचा जबडा. इतक्या नीट लिहिलेल्या नोंदी माझ्या स्वतःच्या नाहीत.

इथली बातमी बरी नाही. मी पाच बिळांवर नजर ठेवून होते. दोन नांगरली गेली. दोन बिळं खोकडांनीच सोडली, का ते कळलं नाही. एकावर आजार आला. यंदा शेवटपर्यंत जाऊ शकेल असं एकच बीळ उरलं आहे, ते तुमचं. सरांशी बोलले. माझ्या प्रबंधात एक अख्खं प्रकरण पाटनच्या बिळावर असेल. काका, आता सगळी भिस्त तुमच्यावर. पिल्लं पांगेपर्यंत खंड पडू देऊ नका.

बाबा असते तर त्यांनी हे सगळ्या फॅक्टरीला सांगितलं असतं.

तुमची,
कादंबरी

*

पाटन
६ मे २०२४

चि. कादंबरी,

जय भीम. पत्र मिळालं.

इकडे सर्व ठीक. चारही पिल्लं चांगली वाढून राहिली. नर-मादी दोघं रोज दिसतात. ऊन फार आहे, म्हणून जास्त लिहीत नाही. नोंदी वेगळ्या कागदावर आहेत. पाकीट ८ ते १६ पाठवतो.

तुझा,
शांताराम काका

*

पाटन
२ जून २०२४

चि. कादंबरी,

जय भीम.

सर्व ठीक. पिल्लं चार. नर-मादी दोघं दिसतात. आता पिल्लं स्वतः किडे पकडतात. पाकीट १७ ते २१ सोबत.

माझी तब्येत ठीक आहे. एकताची पण.

शांताराम काका

*

मोरगाव
१५ जून २०२४

आदरणीय काका,

जय भीम.

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. आता सरळच विचारते.

पाकीट ८ ते १३, म्हणजे ६ ते २५ एप्रिल. प्रत्येकात अंड्याचं कवच आहे. उकडलेल्या अंड्याचं. आतल्या पापुद्र्याला शिजलेला पांढरा बलक अजून चिकटलेला आहे, कच्च्या अंड्याला तसं नसतं. माळावर कोणी अंडी उकडत नाही.

पाकीट १४ पासून पुढची सगळी कुत्र्यांची आहेत. करंगळीएवढी नाहीत, अंगठ्याहून जाड आहेत. आत शिजलेला भात, कोंबडीची पिसं आणि सुतळीचा तुकडा. तुम्ही ती बिळाच्या आसपासच गोळा केली असणार, तुम्ही दुसरीकडून उचलून पाठवणार नाही हे मला माहीत आहे.

मेमधल्या एकोणीस नोंदींमध्ये दोन्ही मोठी खोकडं पाच चाळीसला दिसतात. रोज. मार्चमध्ये तुमच्या दोन नोंदींची वेळ कधी सारखी नव्हती. खोकडं घड्याळ लावून येत नाहीत, काका.

तुम्ही कागदावर एक लिहिलं आहे आणि पाकिटात दुसरंच पाठवलं आहे. बिळावर काय झालं?

कादंबरी

*

पाटन
२१ जुलै २०२४

चि. कादंबरी,

जय भीम.

तुझं पत्र येऊन महिना झाला. ते एकताच्या हाती पडलं असतं तर बरं झालं असतं असं वाटलं, मग वाटलं नाही पडलं तेच बरं. जे झालं ते लिहितो.

२ अन् ३ एप्रिलला नर आला नाही. मादी उठून उठून वाटेकडे पाहत होती, पिल्लं तिच्या पोटाशी ओढाताण करून राहिली होती. ४ तारखेला मी जाताना एक उकडलेलं अंडं नेलं. शंभर पावलांवर ठेवलं, जवळ नाही गेलो. मला वाटलं एवढ्यानं काय होते. त्याच सकाळी नर आला, तोंडात उंदीर. म्हणजे अंड्याची गरजच नव्हती. तरी मी दुसऱ्या दिवशी नेलं. काहून नेलं, मला सांगता येत नाही. मादी ते अंडं उचलायची अन् माझ्याकडे पाहायची. बस, तेवढंच. मग रोज नेलं, नंतर दोन, नंतर पोळी पण.

रस्त्याच्या पलीकडे एक पोल्ट्री आहे, ते लोक मेलेल्या कोंबड्या उघड्यावर फेकतात. तिथली कुत्री माझ्या सायकलच्या मागे यायला लागली. मी दगड मारून हाकलायचो अन् समजायचो गेली.

२७ एप्रिलला मी पोहोचलो तर भैयालाल आधीच तिथं उभा होता. मादी बिळापासून तीस पावलांवर पडली होती. दोन पिल्लं तिच्या बाजूला. तीन कुत्री झुडपाआड बसली होती. मी त्यांच्यावर ओरडत धावलो. भैयालाल म्हणाला, "कुत्तन पे काहे चिल्ला रए, दद्दा? अंडा तो तुमने धरे ते." मग त्यानंच फावडं आणलं. आम्ही दोघांनी खड्डा केला.

तुझं १२ एप्रिलचं पत्र मला २० तारखेला मिळालं होतं. एक अख्खं प्रकरण, भिस्त तुमच्यावर. तेव्हा सगळं ठीक होतं, मी एकताला ते वाचून दाखवलं होतं. आठवड्यात हे झालं. मला वाटलं पोरीचं वर्ष माझ्या अंड्यानं खाल्लं. कसं लिहू? म्हणून कागदावर चार पिल्लं जिवंत ठेवली. छत्तीस वर्षांत मी एका खराब नगावर ठीक असा शिक्का मारला नाही, तुझ्यासमोर दोन महिने मारत राहिलो. अन् एक गोष्ट लपवत नाही. खरं लिहिलं तर तुझी पत्रं बंद होतील, ही पण भीती होती.

आता जे लिहिलं नाही ते.

नर वाचला होता. २९ तारखेला त्यानं उरलेली दोन पिल्लं नाल्याच्या काठच्या जुन्या बिळात नेली, तीनशे दहा पावलं दूर. एक मानेला धरून, दुसरं मागे चालत. त्यानंतर तो एकटाच होता. उंदीर आणायचा, पिल्लांसमोर टाकायचा अन् त्यांचं होईपर्यंत बसून राहायचा. कधी दिवसा पण शिकारीला निघायचा, आधी तसं करत नव्हता. ११ जूनपर्यंत दोन्ही पिल्लं मी पाहिली, मग दिसली नाहीत. ती पांगली की मेली, मला माहीत नाही. हे सगळं मी पाहिलं अन् तुला कळवलं नाही, कारण तू पहिला प्रश्न विचारला असता, मादी कुठं आहे?

मी पहिल्या, सहा तोंडांच्या बिळाजवळच पाकिटं भरत राहिलो. ती कुत्र्यांची आहेत हे मला समजलं होतं की नव्हतं, खरंच सांगता येत नाही. कदाचित समजलं होतं.

दुर्बीण परत पाठवू का ते कळव.

शांताराम

*

मोरगाव
९ ऑगस्ट २०२४

काका,

जय भीम.

सरांना मी सगळं सांगितलं. पाटनचं प्रकरण काढून टाकलं आहे, मार्चच्या नोंदींसह. त्या खऱ्या आहेत हे मला माहीत आहे, पण कोणी विचारलं की कुठली खरी आणि कुठली खोटी हे कशावरून, तर माझ्याकडे उत्तर नाही. मला एक वर्ष वाढवून मागावं लागलं, मिळालं.

मला राग आला आहे. मादी गेली म्हणून आला, नाही असं नाही. पण त्याहून जास्त वेगळ्याच गोष्टीचा आला. मादी मेल्यावर नराने एकट्याने पिल्लं हलवली, सहा आठवडे पोसली, अशी दिवसागणिक नोंद माझ्या माहितीत कोणाकडेच नाही. ती तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. त्या दिवशी लिहिली असती तर ती चार पिल्लं पांगण्याच्या नोंदीपेक्षा मोलाची होती. आता ती एका पत्रातली हकिकत आहे. मी ती वापरू शकत नाही.

माझं १२ एप्रिलचं पत्र परत वाचलं. खंड पडू देऊ नका, भिस्त तुमच्यावर. वाईट काही घडलं तर तेही कळवा, हे वाक्य त्यात कुठेच नाही. ते लिहायला हवं होतं. ती चूक माझी.

दुर्बीण परत पाठवू नका.

कादंबरी

*

पाटन
३० मार्च २०२५

चि. कादंबरी,

जय भीम.

सात-आठ महिने लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही केल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

दिवाळीनंतर मी अन् भैयालाल पोल्ट्रीवाल्याकडे गेलो. पहिल्या वेळी त्यानं चहा पाजून हाकललं. दुसऱ्या वेळी भैयालाल आपल्या भावकीचे आठ जण घेऊन आला, अन् एकतानं शाळेच्या मुलांना कुत्रे चावतात म्हणून पंचायतीत अर्ज दिला. आता मेलेल्या कोंबड्या खड्ड्यात जातात, वर चुना टाकतात. कुत्री एकदम गेली नाहीत. नऊ होती, चार राहिली, अन् ती पडिकाकडे येत नाहीत.

जानेवारीत तिन्हीसांजेला पडिकातून आवाज येऊ लागला, चार-पाच वेळा कॅक कॅक, मग थांबून परत. भैयालालनं घरी येऊन सांगितलं. मी गेलो. नाल्याकाठच्याच बिळात जोडी आहे. नर तोच आहे का, सांगता येत नाही. मला वाटते तोच आहे. पण वाटते ते वहीत लिहिलं नाही.

१ फेब्रुवारीपासून मी दीडशे पावलांवर बसतो. खिशात शेंगदाणे पण नेत नाही. ११ मार्चला पिल्लं बाहेर आली, तीन. २२ तारखेला एक दिसलं नाही, तेव्हापासून दोनच आहेत. कशानं गेलं ते समजलं नाही, तसंच लिहिलं.

आता एक सांगायचं राहिलं. माझ्या लिहिण्यावर आता कोणी काहून भरोसा ठेवावा? फॅक्टरीत एकाची तपासणी एकदा चुकली की नंतर वर्षभर त्याच्या मालावर दुसऱ्याची सही लागायची. म्हणून मी रोज सकाळी भैयालालला उठवतो. तो आधी पाहतो, मग मी पाहतो, मग मी लिहितो अन् तो सही करतो. पहिले आठ दिवस शिव्या देत आला. आता मादी बाहेर आली नाही की तोच म्हणते, "दद्दा, आज बड़ी वारी नईं दिखी, लिख लो, नईं दिखी." अठ्ठावन्न दिवसांच्या नोंदी आहेत. त्यातल्या एकवीस दिवशी काहीच दिसलं नाही. प्रत्येक पानावर दोन सह्या आहेत.

वही पाठवतो आहे. पाकीट १ ते १२ पण. वापरायची नसली तरी चालते, ठेवून दे.

शांताराम काका

*

मोरगाव
१७ एप्रिल २०२५

आदरणीय शांताराम काका,

सप्रेम जय भीम.

वही मिळाली. बाराही पाकिटं धुऊन झाली. सगळी खोकडाची आहेत, आणि आत जे सापडलं ते तुमच्या नोंदींशी जुळतं. सरांनी वही दोन दिवस स्वतःकडे ठेवून घेतली होती. आज परत देताना म्हणाले, घे, नोंदवून टाक. पाटनचं बीळ यादीत पुन्हा आलं आहे, या वर्षीच्या तारखेने.

तिसरं पिल्लू गेलं हे तुम्ही लिहिलंत, ते मी दोनदा वाचलं.

जून लागला की मी चार दिवस तिकडे येते आहे. एकतादीदीला सांगा, मला मटाराची उसळ हवी, ताज्या नाही तरी वाळवलेल्या मटाराची.

आणि भैयालालजींना आता सकाळी झोपू द्या. पुढच्या पानापासून तुमची एकट्याची सही पुरे.

तुमची,
कादंबरी